पितळ उघडं हवं

मराठीत पितळेची बदनामी फार झाली आहे. कुणाचं ढोंग बाहेर आलं की आपण म्हणतो, पितळ उघडं पडलं. वरचा सोन्याचा मुलामा गेला आणि आतून स्वस्त धातू दिसला, असा त्यातला भाव. या विकांताला मात्र मी पितळेची वकिली करणार आहे. तीही फार नाही, एका सहा मिलिमीटर जाडीच्या स्क्रूच्या टोकाला बसवलेल्या दीड मिलिमीटर पितळेची. तिथे ते उघडंच असावं लागतं. आणि माझं म्हणणं असं, की बारामती-इंदापूरकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत आणि आयटीआयमध्ये मुलांनी लेथवर जे पहिलं काम करायचं, ते हा स्क्रू असावं.

आता तुम्ही म्हणाल, दिवसभर हिंजवडीत बसून कोड लिहिणाऱ्या माणसाला स्क्रूचं काय पडलंय? याचाच एखादा ढिला झाला असावा! तर तसं नाही. मी शिकलो मेकॅनिकल आणि पोटापाण्याला लागलो सॉफ्टवेअरच्या. अशांची आपली जमात काही लहान नाही, हे वाचणाऱ्यांतही बरेच तेच असतील. शिवाय गाव इंदापूर तालुक्यातलं आणि मामांचं छोटं वर्कशॉप बारामती-इंदापूर रस्त्याला. सुट्टीला गेलं की कटिंग ऑइलचा वास नाकात जातोच.

आधी थोडी ओळख. ज्यांना लेथ माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. लेथमध्ये ज्याला आकार द्यायचा तो धातूचा तुकडा (वर्कशॉपच्या भाषेत 'जॉब') गरगर फिरतो आणि कापणारं टूल त्याच्या जवळ सरकत जातं. टूल ज्यावर बसतं ती क्रॉस स्लाईड, आणि तिच्यावर आणखी एक छोटी टॉप स्लाईड. या स्लाईड ज्या मार्गावरून सरकतात त्याचा आकार वर रुंद, खाली अरुंद असतो, कबुतराच्या पसरलेल्या शेपटीसारखा. म्हणून त्याला डव्हटेल म्हणतात. त्यामुळे स्लाईड वर उचलली जात नाही, फक्त पुढे-मागे जाते. आता ही स्लाईड मार्गावर अगदी घट्ट बसवली तर सरकणार नाही, आणि सैल ठेवली तर डुगडुगणार. आजीच्या घरातल्या जुन्या लाकडी टेबलाचा खण आठवा. एक तर ओढून ओढून निघत नाही, नाहीतर ओढला की तिरका होतो. लेथवाल्यांनी यावर उपाय केला तो असा: एका बाजूला मुद्दाम थोडी फट ठेवायची आणि त्या फटीत एक लांबट पट्टी सरकवायची. या पट्टीला 'जिब' म्हणतात. स्लाईडच्या बाजूने तीन-चार स्क्रू या पट्टीवर दाबायचे. स्क्रू आवळले की फट कमी, सैल केले की जास्त. मशीन झिजत जाईल तसे स्क्रू थोडे थोडे पुढे घ्यायचे. म्हणजे झिजेची सोय पहिल्या दिवशीच करून ठेवलेली.

किती थोडे थोडे? हे गणित मला फार आवडतं. एम ६ स्क्रूचा पिच १ मिलिमीटर, म्हणजे एक पूर्ण फेरा दिला की स्क्रू १ मिलिमीटर पुढे जातो. घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटाला ६ अंश सरकतो. तेवढाच स्क्रू फिरवला तर तो साठावा भाग, म्हणजे सुमारे ०.०१७ मिलिमीटर पुढे जाईल. आपल्या केसाची जाडी याच्या तीन-चार पट असते. हातात साधी ॲलन की, आणि तिच्या टोकाला केसाच्या पावभर अंतराचा हिशेब. याहून स्वस्त आणि अचूक साधन सापडणं कठीण आहे.

पण हा हिशेब एकाच अटीवर खरा ठरतो. स्क्रू जेवढा पुढे जाईल तेवढीच पट्टी पुढे जायला हवी. आणि गडबड इथेच होते.

हार्डवेअरच्या दुकानात ग्रब स्क्रू मागितला की बहुतेक वेळा वाटीसारख्या टोकाचा मिळतो. त्या वाटीची कड धारदार असते. ती तशी असते कारण हा स्क्रू मुळात पुलीतून शाफ्टवर आवळण्यासाठी केलेला. शाफ्टमध्ये रुतायचं आणि पुली घसरू द्यायची नाही, हे त्याचं काम. शिवाय तो कडक केलेला असतो. त्याच्या पाकिटावर ४५एच असं लिहिलेलं असलं तर त्याचा अर्थ व्हिकर्स मापात किमान ४५० कडकपणा. जिब पट्टी बिडाची किंवा साध्या पोलादाची, तिचा कडकपणा याच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. मग काय होणार? जे शाफ्टला करायचं तेच तो पट्टीला करतो, रुततो. दरवेळी आवळताना पट्टीवर एक गोल खळगा पडतो आणि खळग्याच्या कडेला धातू वर येतो.

एकदा हा खळगा पडला की बारीक जुळवणी संपली. तुम्ही स्क्रू एक मिनिटभर फिरवता, त्याचं टोक खळग्याच्या उतारावर चढतं, पट्टी किंचित तिरकी होते. जरा काम केलं की टोक घरंगळून परत खळग्यात. म्हणजे स्लाईड एक तर जाम, नाहीतर सैल, मधलं काही नाही. हे रेडिओच्या खराब झालेल्या बटणासारखं आहे: आवाज एक तर शून्य, नाहीतर शेजारी ओरडतील एवढा.

उपाय सोपा आहे. स्क्रूचं टोक पट्टीपेक्षा मऊ करा. मग रुतायची वेळ आली तर स्क्रू स्वतः दबेल, पट्टीला ओरखडा येणार नाही. स्क्रू झिजला तर नवा करता येतो. पट्टी आणि स्लाईड झिजली तर नवी करणं खर्चाचं आणि कौशल्याचं काम.

करायचा कसा, तेही सांगतो, कारण करून बघण्यातच खरी मजा आहे. कडक ग्रब स्क्रूला साधं ड्रिल लागत नाही, त्यामुळे साधा एम ६ बोल्ट घ्यायचा आणि डोकं कापून टाकायचं. एका टोकाला करवतीने स्क्रूड्रायव्हरची खाच घालायची. आता याला लेथच्या चकमध्ये धरायचं तर चकचे जबडे आटे चेपून टाकतील. म्हणून एका गोल तुकड्यात एम ६ चे आटे पाडायचे, त्या तुकड्याला एका बाजूने उभा काप द्यायचा, बोल्ट त्यात फिरवून बसवायचा आणि मग तो तुकडा चकमध्ये आवळायचा. काप मिटतो, बोल्ट घट्ट बसतो, आट्यांना काही होत नाही. टोक सपाट करून सेंटर ड्रिलने खूण, मग ३ मिलिमीटरच्या ड्रिलने ५ मिलिमीटर खोल भोक. ड्रिल थोडं आत, थोडं बाहेर, बुरा काढत काढत. त्या भोकात ३ मिलिमीटर पितळी तारेचा साडेसहा मिलिमीटर लांब तुकडा ठोकून बसवायचा. दीड मिलिमीटर बाहेर राहतो. हेच आपलं उघडं पितळ.

यात दोन बारकावे आहेत आणि दोन्ही अनुभवी लोकांकडूनच कळतात. पहिला, भोक आरपार नाही, त्यामुळे पितळ आत जाताना खाली हवा अडकते आणि तुकडा परत वर येतो. म्हणून पितळेच्या एका बाजूवर कानशीचे दोन हात मारून बारीक सपाटी करायची, हवेला वाट मिळते. दुसरा, पितळ ३ मिलिमीटरचंच का, साडेचार का नाही? तर दाबाखाली मऊ टोक छत्रीसारखं पसरतं. स्लाईडमधल्या आट्याच्या भोकाचा आतला व्यास साधारण ५ मिलिमीटर असतो. टोक जाड ठेवलं आणि ते पसरलं, की स्क्रू मागे काढताना आट्यांत अडकून बसतो. तीनचं टोक ठेवलं की चारी बाजूंनी मिलिमीटरभर जागा राहते.

मालाचं म्हणाल, तर कापण्यातली नासाडी धरून एका स्क्रूला ८ मिलिमीटर पितळ लागतं. एक मीटर तारेत सव्वाशे स्क्रू होतात आणि त्या मीटरभर तारेचं वजन भरतं जेमतेम ६० ग्रॅम. एवढ्या पितळेत देवघरातली घंटासुद्धा होणार नाही.

आता कुणी जाणकार म्हणेल की हे सगळीकडे चालत नाही. बरोबर आहे. धक्के देत चालणारं जड काम असेल तर पितळ हळूहळू दबत जातं आणि स्क्रू वारंवार बघावे लागतात. तिथे पितळेपेक्षा ब्राँझ बरं. काही लेथवर पट्टी लांबीच्या दिशेने सरकू नये म्हणून कारखान्यातच तिच्यावर उथळ भोकं पाडलेली असतात आणि स्क्रूचं टोक त्यांत बसणं अपेक्षित असतं. तिथे टोकाचा आकार त्या भोकाप्रमाणे हवा. डव्हटेलची बाजू तिरकी आणि स्क्रू आडवा येत असेल तर सपाट टोक एका कडेवरच टेकतं, म्हणून टोक जरा गोलसर करावं लागतं. आणि लांबीभर निमुळती होत गेलेली जिब असेल तर हा प्रश्नच येत नाही, तिला टोकाचा एकच स्क्रू पुरतो. थोडक्यात, आधी आपलं मशीन उघडून बघावं.

मामांच्या वर्कशॉपात नेमकं हेच झालं नव्हतं, म्हणजे कुणी उघडून बघितलं नव्हतं. साडेचार फुटी जुना लेथ, पट्ट्यावर चालणारा. पंपांचे शाफ्ट, ट्रॅक्टरच्या पिना, बुश अशी कामं त्यावर होतात. गेल्या उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा रोज एकच भांडण. कटिंग करताना, म्हणजे जॉबचा तुकडा टूलने अलग करताना, टूल एकदम आत ओढलं जायचं आणि मोडायचं. फिनिशिंगला जॉबवर लाटा उठायच्या. लेथवर काम करणारा मुलगा आयटीआय झालेला, कामाचा हुशार, पण दोन महिने बोलणी खात होता. मामांचं मत ठरलं होतं: "ह्याचं आता वय झालं. किलोवर घालतो आणि राजकोटचा नवा आणतो."

शेजारच्या गावातले एक काका साखर कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. चहाला आले होते. त्यांनी क्रॉस स्लाईड दोन्ही हातांनी धरली, डावी-उजवी हलवून बघितली आणि म्हणाले, "मशीन म्हातारं न्हाई झालं. स्क्रूनं पट्टी खाल्लीय." पट्टी बाहेर काढली. चार स्क्रूंचे चार खळगे, चंद्रावरच्या विवरांसारखे! त्यांनी वर आलेल्या कडा तेलाच्या दगडावर घासून सपाट केल्या. पट्टी चार-पाच मिलिमीटर पुढे घेऊन स्क्रू कोऱ्या जागेवर येतील असं केलं. पट्टी स्वतःहून सरकू नये म्हणून फक्त मधल्या एका स्क्रूसाठी उथळ भोक ठेवलं. मग त्या मुलाकडून त्याच लेथवर, वर सांगितलं तसे चार पितळी टोकाचे स्क्रू करून घेतले. बसवताना मधल्या स्क्रूपासून सुरुवात, स्लाईड जड होईपर्यंत आवळायचं, मग किंचित मागे. चेकनट आवळताना स्क्रूही त्याच्याबरोबर फिरतो, म्हणून तो स्क्रूड्रायव्हरने धरून ठेवायचा. या सगळ्यात दीड दिवस गेला. आधी स्लाईड हाताने हलवली की डायल गेजचा काटा पंधरा रेघा हलायचा, नंतर दोन. एक रेघ म्हणजे ०.०१ मिलिमीटर. लेथ अजून तिथेच आहे.

मला यात मशीन वाचल्याचा आनंद आहेच, पण त्या मुलाचा चेहरा जास्त लक्षात राहिला. आयटीआयमध्ये टर्नरचा ट्रेड दोन वर्षांचा असतो. दोन वर्षं लेथवर उभं राहूनही त्याने जिब पट्टी हातात घेतलेली ती पहिली वेळ. आणि दोन महिने तो मनाशी समजत होता की आपला हातच वाईट आहे.

त्या निवृत्त काकांना हे कुठून सुचलं, याचंही उत्तर आमच्या भागातच आहे. बारामती आणि इंदापूर हे उसाचे तालुके. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी, नीरा-भीमा असे कारखाने या दोन तालुक्यांत आहेत. गाळप संपलं की उन्हाळा-पावसाळ्यात ओव्हरहॉलिंग, म्हणजे अख्खी गिरणी खोलायची आणि परत जोडायची. उसाचा रस काढणारे जे अवजड रोलर असतात त्यांचा शाफ्ट पोलादाचा आणि तो ज्यात फिरतो ते बेअरिंग गनमेटलचं किंवा ब्राँझचं, म्हणजे पितळेच्या भाऊबंदांचं. का? कारण काहीतरी झिजणारच आहे, तर बेअरिंग झिजावं, शाफ्ट नाही. बेअरिंग बदलता येतं. ज्या माणसाने तीस-पस्तीस हंगाम हे बघितलं, त्याला लेथचा स्क्रू बघून दुसरं काय सुचणार?

खरं तर हे शहाणपण आपल्या सगळ्यांच्या घरातही आहे. नळ गळायला लागला की आपण आतलं वॉशर बदलतो, नळ बदलत नाही. प्रेशर कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह आधी वितळतो, म्हणून कुकर फुटत नाही. शेतात रोटाव्हेटर दगडावर आपटला की शिअर बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. कुठला भाग आधी हार मानणार हे आधीच ठरवून ठेवायचं आणि तो भाग स्वस्त, मऊ आणि सहज बदलता येईल असा ठेवायचा. इंजिनिअरिंगमधल्या मला माहीत असलेल्या सर्वांत मोठ्या कल्पनांपैकी ही एक आहे. चार वर्षांत ती मला एकाही तासाला या शब्दांत कुणी सांगितली नाही.

इथे कॉलेजाचा विषय येतो. नाव घेत नाही, कारण चित्र थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखंच आहे. पहिल्या वर्षी वर्कशॉप असतं. फिटिंगमध्ये दोन चौकोनी तुकडे कानशीने घासून एकमेकांत बसवायचे. टर्निंगमध्ये एका रॉडवर दोन-तीन पायऱ्या काढायच्या, एका टोकाला टेपर. व्हर्नियरने मापं बघतात, जर्नलवर सही होते आणि जॉब जातो कोपऱ्यातल्या पिंपात. पिंप भरलं की भंगारवाला येतो. काही बहाद्दर तर सिनियरचाच जॉब घासूनपुसून, वरचा नंबर बदलून दाखवतात, आणि तो खपतोही, कारण त्या जॉबचा पुढे उपयोग काय याच्याशी कुणालाच देणंघेणं नसतं.

यातून मुलगा काय शिकतो? मापात काम करायला शिकतो, ठीक आहे. पण त्याबरोबर हेही शिकतो की आपण जे बनवतो ते सहीसाठी असतं. ते कुठे बसणार नाही, कुणी वापरणार नाही, ते चुकलं तर काही अडणार नाही. पुढे आपल्यातले कित्येक जण आयटीत येतात आणि कुणी कधी न वाचणारी डॉक्युमेंट लिहितात, तेव्हा मला त्या पिंपाचीच आठवण होते.

पितळी टोकाचा स्क्रू याच्या नेमका उलटा आहे. त्यात टर्निंग आहे, ड्रिलिंग आहे, आटे आहेत, करवत आणि कानस आहे, घट्ट बसणाऱ्या भोकाचा फिट आहे, कडकपणा म्हणजे काय हे आहे. सगळा पहिल्या वर्षाचा वर्कशॉप त्या वीस मिलिमीटरमध्ये मावतो. आणि शेवटची परीक्षा सरांची सही नाही. ज्या लेथसमोर तुम्ही उभे आहात त्याच लेथमध्ये तो स्क्रू बसवायचा, आणि डायल गेज लावून बघायचं. काटा कमी हलला तर पास. वीस जणांची बॅच धरली तर वीस स्क्रू. क्रॉस स्लाईड आणि टॉप स्लाईड मिळून एका लेथला सात-आठ लागतात. एका बॅचमध्ये दोन-अडीच लेथ नीट होतात. वर्षाअखेर कॉलेजाचे सगळे लेथ, आणि मग बाहेरच्या वर्कशॉपांचे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: आता सीएनसीचा जमाना आहे, हे जुनंपुराणं कशाला? बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओच्या तीनचाकी गाड्या बनतात, भारत फोर्जचा कारखाना आहे. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला, जिथे १९३० च्या दशकात वालचंद हिराचंदांनी साखर कारखाना उभारला, तिथे पुढे साखरेची यंत्रं बनायला लागली आणि नंतर इस्रोसाठी रॉकेट मोटरच्या केसिंग. २०२३ साली चांद्रयान-३ ज्या एलव्हीएम-३ ने नेलं, त्याच्या एस-२०० बूस्टरचे काही भाग वालचंदनगरचे. एवढं सगळं शेजारी असताना मी हातलेथचा स्क्रू काय घेऊन बसलोय?

याचं उत्तर दोन भागांत. एक, मोठ्या कारखान्यांभोवती लहान वर्कशॉपांचं जाळं असतं. एकच शाफ्ट, एकच बुश, आज संध्याकाळपर्यंत पाहिजे, असं काम सीएनसीवर कुणी लावत नाही. शेतातली मोटर बंद पडली की पाणी थांबतं, आणि पाण्याची पाळी तुमच्या लेथसाठी थांबत नाही. तिथे साधा लेथच कामाला येतो, आणि तो नीट चालायला हवा. दोन, सीएनसीत तरी वेगळं काय आहे? ज्यांचे सरकमार्ग पेटीसारखे बिडाचे असतात त्या मशीनमध्ये अजूनही जिब असते. बऱ्याचदा सरकणाऱ्या पृष्ठभागावर टर्साइटसारखा मऊ प्लॅस्टिकचा थर चिकटवलेला असतो. लाखो रुपयांच्या मशीनलाही 'आधी कोण झिजणार' हा प्रश्न सुटलेला नाही. हातलेथवर ज्याने हे बोटांनी अनुभवलं, त्याला तिथे शिकवणं सोपं.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. मुलं चार स्क्रू चुकीचे बसवतील आणि आहे तो लेथही बिघडेल. बिघडू शकतो. पण स्क्रू मऊ आहे! चुकीचं आवळलं तर पितळ दबेल, नवा स्क्रू करायचा. शिकणाऱ्याच्या हातात द्यायला याहून सुरक्षित जागा लेथवर दुसरी नाही. खरी अडचण वेगळी असावी असं मला वाटतं. मशीन खोललं की त्याची जबाबदारी येते. बंद ठेवलं की रजिस्टरमध्ये 'चालू स्थितीत' लिहिता येतं.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाला वर्कशॉप प्रॅक्टिस होतं आणि प्रोजेक्ट बेस्ड लर्निंगही होतं. म्हणजे कागदावर जागा आहे, अभ्यासक्रम बदलायची वाट बघायला नको. एखाद्या वर्कशॉप सरांनी मनावर घेतलं तर पुढच्याच सेमिस्टरला एक बॅच हे करू शकते. आमच्या भागात निवृत्त फिटरांची वाण नाही. त्यांना आठवड्यातून एक दिवस बोलवा, मानधन द्या, चहा द्या. नुसतं "मार्गदर्शनपर व्याख्यान" नको, शाल-श्रीफळ तर नकोच. त्यांच्यासमोर उघडी क्रॉस स्लाईड ठेवा. त्यांच्या हातात जे आहे ते कुठल्या पुस्तकात सलग लिहिलेलं नाही, आणि दर वर्षी त्यातलं काही ना काही कायमचं जातं आहे.

आपण आयटीवाले काय करू शकतो? पुढच्या वेळी गावी गेल्यावर एखाद्या ओळखीच्या वर्कशॉपात जा आणि विचारा, "जिबचे स्क्रू शेवटचे कधी काढले होते?" उत्तर बहुतेक हसून मिळेल. मग एक काढून त्याचं टोक बघा. आणि ज्यांनी कॉलेजात लेथवर काही केलं होतं त्यांनी जरा आठवून सांगा: तुमचा जॉब कुठल्या पिंपात गेला, आणि तो कुठे बसवता आला असता?